वाढत्या अंगाची सायकल

बळीरामनं आपला ऑटो विकला आणि शहरात, धंतोलीत, एका दवाखान्यासमोर चहाची टपरी टाकली, त्या दिवसापासून कवडूच्या मेथीला वाईट दिवस आले. आता ऑटोचा आणि मेथीचा काय संबंध, असं एखादा शहरातला विचारेल. पिंपळडोहात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गावात शाळा चौथीपर्यंत. कवडूची सोनिका पाचवीत, तिची शाळा कन्हानला, पाच किलोमीटर, आणि ती भरते सकाळी साडेसातला. बळीराम होता तोवर पोरं त्याच्या ऑटोत कोंबून जायची. मेथी कापायची तीही पहाटेच, दव असताना, आणि जुड्या बांधून सातच्या आत ठोक बाजारात टाकायची. बाजार गावाच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला, आणि मधे कवडू, एकटा, एका स्कूटरवर.

तीन आठवडे त्यानं आधी पोरगी पोचवली आणि मग मेथी. नऊच्या उन्हात मेथी बाजारात पोचायची तेव्हा तिनं मान टाकलेली असायची. एक दिवस व्यापाऱ्यानं जुडी उचलली, उलटी धरली, चारचौघांना दाखवली आणि म्हणाला, "कवडूभाऊ, हे झोपली आहे. जागी झाली का घेऊन या."

सगळा बाजार हसला. कवडूही हसला, दुसरं काय करणार. पण परत येताना डिसेंबरच्या थंडीत त्याचे कान तापलेले होते. घरी त्याची बायको प्रेमलता ओट्यावर बसून हाताच्या भेगांत खोबरेल भरत होती. पहाटे चारपासून ती विळा चालवायची. मेथी परत आलेली पाहून ती उठली आणि गाईपुढं टाकून आली. गाय मात्र त्या महिन्यात चांगली भरली.

ही बातमी शहराकडं, बेसाला, शोभाताईपर्यंत कशी गेली कोण जाणे. शोभाताई कवडूची मोठी बहीण. आई गेल्यावर हिनंच त्याचं नाक पुसलं आणि पाठही मऊ केली, त्यामुळं चाळिशीतसुद्धा तिचा फोन आला की कवडू उभा राहून बोलायचा. तिचे यजमान वारले होते, मुलगा आयुष पुण्याला नोकरीला. तीन खोल्यांत ती एकटी राहायची.

"पोरीले माह्याकडं दे," शोभाताई फोनवर सगळ्या घराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "इथली शाळा माह्या गॅलरीतून दिसते. मी बोलून ठेवलं आहे मॅडमशी. रविवारी येऊन नेईन तिले."

दारात उभ्या सोनिकानं ते ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. प्रेमलतेनं हातातली परात खाली ठेवली. कवडूनं दोघींकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडून जे निघायचं नव्हतं ते निघालं.

"ताई, तसं नाई. आमी सोनीले सायकल घेऊन राहिलो न."

"चालवता येते तिले?"

"येते न. मजेत चालवते."

शोभाताईला भावाचं खोटं लहानपणापासून ओळखू यायचं. "ठीक आहे," ती म्हणाली. "रविवारी मले चालवून दाखवा. चालवली त पोरगी तुमची. नाई त तिची बॅग भरून ठेवा."

असा तो सोमवार. हातात सहा दिवस, सायकल नाही, आणि पोरीला फार तर शेजारच्या गोलूच्या पोराची सायकल दहा पावलं ढकलता येत होती.

कवडू माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या घराण्याला एक खोड होती, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. सोनिका जन्मली तेव्हा तिला आणलेलं झबलं तिला दुसऱ्या वाढदिवसाला बरोबर बसलं. शाळेच्या स्कर्टला आतून वीतभर दुमडलेलं, चपलेच्या पुढच्या टोकात चिंधी कोंबलेली. खुद्द कवडूचा लग्नातला सफारी वाढत्या अंगाचा शिवला होता, आणि अंग काही वाढलं नाही. फोटोत अजून असं वाटतं की सफारीचंच लग्न लागतंय आणि आत कोणीतरी आहे.

मंगळवारी त्यानं सोनिकाला दाराच्या चौकटीशी उभी केली, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक लांब काडी तिच्या बाजूला धरली, डोक्याशी विळ्यानं खूण केली आणि त्यावर एक वीत वाढवून काडी तोडली.

"बाबा, मीच येते न दुकानात," सोनिका म्हणाली.

"तुही शाळा बुडते. काडी हाय न."

कन्हानला सायकलचं दुकान भैरवी चालवायची. बाप अंथरुणाला खिळल्यापासून पंक्चरपासून विक्रीपर्यंत सगळं तीच पाहायची. पंचविशीची पोरगी, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. तिनं कवडूच्या हातातली काडी पाहिली, मग कवडूकडं पाहिलं.

"काका, हे काय?"

"पोरगी हाय माही. दहा वर्षाची."

"डोक्याचं माप कायले आणलं? सायकल पायानं चालवते का डोक्यानं?" तिनं काडी बाजूला ठेवली. "सीटवर बसून पाय भुईले टेकले पाहिजे. बोटं ब्रेकले पुरले पाहिजे. वीस इंची लागन बहुतेक, पण तिले आणा. उभी करू, बसवू, मंग सांगतो."

"आन् दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांनी हे वापस द्या, मोठी घेऊन जा."

इथं कवडूला सगळं समजलं. म्हणजे त्याला वाटलं की समजलं. एक पोरगी आणि सायकली दोन, हा धंदा त्याच्या लक्षात आला आणि तो मनातल्या मनात हसला. त्यानं कोपऱ्यातल्या एका निळ्या लेडीज सायकलीवर हात ठेवला. सव्वीस इंची, पुढं टोपली, मागं मजबूत कॅरिअर.

"हे द्या."

"दहा वर्षाच्या पोरीले मी हे देत नाई. पोट्टी पडली त दुकानाचं नाव जाते."

"पोरीले कोण म्हणते?" कवडू म्हणाला. "माह्या बायकोले पाहिजे."

"काकू चालवते?"

"चालवते न. जोरात."

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण ते स्कूटरला बांधून पाच किलोमीटर घरी आलं.

प्रेमलतेनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हँडलला लिंबूमिरची बांधली. मग सोनिका सायकलीशेजारी उभी राहिली. सीट तिच्या छातीला लागत होती. प्रेमलतेनं एकदा सायकलीकडं पाहिलं, एकदा पोरीकडं.

"हे चढन कशी?"

"वाढतं अंग हाय."

"रविवारपर्यंत किती वाढते?" प्रेमलता म्हणाली आणि खोबरं घेऊन आत गेली.

कवडूनं हार मानली नाही. सीट पार खाली बसवली, तरी पाय लोंबकळतच. मग त्यानं बाभळीचे दोन ठोकळे तासले आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पॅडलवर आवळून बांधले. ठोकळ्यांमुळं पाय पॅडलला पोचले. भुईला पोचायचं राहिलंच. त्यावर उपाय म्हणून चढायचं ओट्यावरून. आणि उतरायचं कसं, तर आवारात तनसीचा, भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता, त्यात जाऊन घुसायचं. ब्रेक होते, पण सोनिकाची बोटं तिथपर्यंत जात नव्हती. नुसती हवेत वळवळायची.

"शाळेत तनस कोण टाकून ठेवन?" प्रेमलतेनं विचारलं.

"गेटापाशी रेतीचा ढीग हाय. मी पाहून आलो."

"आन् बांधकाम संपलं का?"

तोवर कवडू कॅरिअर धरून पळायला लागला होता. पुढं सोनिका, मागं बाप, तोंडातून वाफ निघतेय, एक चप्पल पायात आणि एक रस्त्यात. पारावरची माणसं मेथी-तुरीच्या गप्पा सोडून हेच बघत बसायची. गोलू दात घासत विचारायचा, "कवडूदादा, सायकल पोरीले घेतली का तुमाले पळवाले?" कवडूला दम लागलेला असायचा, नाहीतर त्यानं चांगलं सुनावलं असतं.

गंमत अशी की पोरीला तोल आला. बुधवारी संध्याकाळपर्यंत ती सरळ जायला लागली. चालू असली की झकास. थांबायचं म्हटलं की संकट. शुक्रवारी शाळेतून आल्यावर ती पुन्हा बसली आणि हौदाच्या कडेला धडकली. कवडूला वाटलं थोडंसं लागलं असेल. जरा वेळानं तो गाईला पाणी पाजायला मागं गेला, तर सोनिका नळाखाली गुडघा धुवत बसलेली. रक्त थांबत नव्हतं, आणि ती ओठ दाबून, कोणाला ऐकू जाणार नाही असं रडत होती.

"माय रे," कवडू म्हणाला. "सांगतलं काहून नाई?"

"मायले नका सांगू," सोनिका म्हणाली. "मायले समजलं त आत्याले समजन. मंग मले बेसाले पाठवसान."

त्याच क्षणी त्यानं ते ठोकळे सोडून सायकल परत नेली असती, तर पुढची शोभा टळली असती. पण दुकानात बायकोच्या नावानं थाप मारून आलेला माणूस, कोणत्या तोंडानं परत जाईल. त्यानं गुडघ्याला हळद भरली, वर चिंधी बांधली आणि पोरीच्या स्कर्टला वीतभर दुमड होती, ती उसवता आली म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले, कारण त्यात चिंधी झाकली गेली.

रविवारी दहा वाजता शोभाताई आली. हातात रिकामी बॅग. चहा नको म्हणाली. आवारात मधोमध, तनसीच्या ढिगापुढं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चालवा."

"ताई, थोडं बाजूले," कवडू म्हणाला.

"मी इथूनच पाहतो. इथून सगळं दिसते."

तिला कसं सांगणार की तू ब्रेकमध्ये उभी आहेस. सोनिका ओट्यावरून चढली. निघाली. एक फेरी झाली, छान झाली. शोभाताईचा चेहरा जरा मऊ पडला. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला शोभाताई म्हणाली, "बस पोरी, पाहिलं मी, थांब आता."

थांब म्हटलं की पोरगी एकाच ठिकाणी जायची, ती तिकडंच आली. "आत्या, सरका," एवढंच म्हणाली. पण शोभाताई उभ्या आयुष्यात कोणासाठी सरकली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. मग आत्या, भाची आणि सव्वीस इंची सायकल अशी तिघं मिळून तनसीत गेली, आणि थोडा वेळ फक्त मागचं चाक फिरताना दिसत होतं.

प्रेमलतेनं दोघींना बाहेर ओढलं. शोभाताईला लागलं काही नव्हतं. तिनं केसातली तनस काढली, चष्मा शोधून घातला, सायकल उभी केली आणि पोरीला सायकलीला लागून उभी केली. बराच वेळ पाहिलं. मग तिनं पॅडलवरचा ठोकळा बोटानं टकटक वाजवला.

"कवडू, हे सायकल कोणासाठी आणली?"

"सोनीसाठी."

"कोण्या सालच्या?"

कवडू खाली पाहायला लागला. पडताना सोनिकाचा स्कर्ट वर सरकला होता आणि चिंधी दिसत होती. शोभाताईनं ती हळूच सोडून पाहिली. प्रेमलतेनंही पाहिली, आणि तिनं नवऱ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. शोभाताई सावकाश उठली आणि तिनं बॅगेची चेन उघडली. "भर वं प्रेमा, पोरीचे कपडे."

सोनिका हुंदका न देता रडत होती. तेव्हा कवडू बोलला. मोठ्या बहिणीपुढं आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलला.

"ताई, चूक माही हाय. पोरीची नाई. पोरगी सहा दिवस चालवून राहिली, गुडघा फुटला तरी. मीच तिच्या मापाची आणली नाई. तिच्या मापाची आणतो. मंगही नाई जमलं त घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाई."

शोभाताईनं चेन परत लावली. "मंग उभा कायले राहिला? दुकान उघडं असन न आज?"

गोलूच्या टेम्पोत सायकल टाकली आणि सगळे कन्हानला गेले. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतो तोच भैरवी हसत पुढं आली.

"या काकू. कशी वाटली सायकल? काका म्हणे तुमी जोरात चालवता."

प्रेमलतेनं कवडूकडं पाहिलं. कवडू वर टांगलेल्या ट्यूबा मोजायला लागला. शोभाताईनं दोघांकडं पाहिलं. प्रेमलतेचा चेहरा काही हलला नाही.

"अशानं कशी चालवू?" ती म्हणाली. "हे लाकडं काढ वं आधी. आन् सीट वर कर. यायनं पार बसवून टाकली."

भैरवीनं ठोकळे सोडले, सीट चढवली. प्रेमलतेनं पदर कमरेला खोचला, निऱ्या एका हातानं सावरल्या, पाय टाकला आणि निघाली. चौकापर्यंत गेली, डावीकडून वळली, एका म्हातारीला घंटी वाजवली, परत आली आणि दुकानापुढं ब्रेक दाबून एक पाय टेकवून थांबली. कवडूचं तोंड उघडं ते उघडंच.

"माहेरी दुधाचे कॅन लावून जात होती मी," ती भैरवीला म्हणाली. "बारा वर्षं झाली हात लावून."

"मले कधी सांगतलं नाई," कवडू म्हणाला.

"तुमी कधी इचारलं? माह्यासाठी सायकल आणली, तेही मले आज दुकानात समजून राहिलं."

सायकलीचा निकाल असा परस्पर लागला. मग सोनिकाची पाळी. भैरवीनं तिला वीस इंचीवर बसवलं, दोन्ही पाय टेकतात का पाहिलं, एक पॅडल खाली नेऊन गुडघा किती वाकतो ते पाहिलं, ब्रेकचा दांडा स्क्रूनं जवळ आणून दिला. मग रस्त्याकडेला उभी राहून "थांब" म्हणायची आणि पोरीनं थांबायचं. दहा वेळा. सहाव्या वेळी सोनिका हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा तिला आपण म्हणू तेव्हा सायकल थांबते हे कळलं होतं.

"दप्तर पाठीवर, हँडलले काही टांगायचं नाई," भैरवी सांगत होती. "डाव्या अंगानं. ट्रक मागून आला का रस्त्याच्या खाली उतरायचं, पाय टेकायचे, जाऊ द्यायचं त्याले. ट्रकाले घाई असते, तुले नाई."

मग तिनं कपाटातून एक हेल्मेट काढलं. ते सोनिकाच्या डोक्यावर गच्च बसलं. कवडू हातात घेऊन उलटंसुलटं करत म्हणाला, "याच्यात एक नंबर मोठं..."

तिन्ही बाया आणि पोरगी, चौघींनी एकदम त्याच्याकडं पाहिलं. कवडूनं हेल्मेट जिथल्या तिथं ठेवलं.

"आन् तुमचं कुठी हाय काका?" भैरवीनं विचारलं. "स्कूटरवरचं?" त्या दिवशी कवडूच्या डोक्यालाही माप लागलं.

शोभाताई रात्री राहिली. "उद्या रस्त्यावर पाहिल्याशिवाय मी मानत नाई," म्हणाली, आणि बॅग उशाशी घेऊन झोपली.

सोमवारी साडेसहाला धुकं होतं. पुढं सोनिका, पाठीवर दप्तर, तिच्या मागं उजव्या अंगाला प्रेमलता निळ्या सायकलीवर, आणि शंभर पावलं मागं कवडूची स्कूटर, त्याच्या पाठीमागं बसलेली शोभाताई. मेथी त्या दिवशी शेतातच राहिली. कोळशाच्या ट्रकांचा रस्ता लागतो तिथं कवडूनं स्कूटर आणखी हळू केली. आणि ट्रक आलाच. मागून, भोंगा वाजवत, सगळा रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा. कवडूनं स्कूटर थांबवली. शोभाताईनं त्याचा खांदा इतका घट्ट धरला की नखं रुतली.

सोनिकानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं ब्रेक दाबले, सायकल डांबरावरून खाली मातीत घेतली आणि दोन्ही पाय टेकवून उभी राहिली, मागं प्रेमलताही. ट्रक गेला. काळी धूळ खाली बसली. तिनं हेल्मेट नीट केलं, मागं मायकडं पाहिलं, मग आणखी मागं, आणि तेव्हा तिला बाप दिसला. तिनं हातानं खूण केली, जा म्हणून. पोरी पाहतील शाळेतल्या.

दोन सायकली धुक्यात दिसेनाशा झाल्या. कवडू तसाच उभा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यानं ते पुसलंही नाही. पोरगी घरी राहिली याचा आनंद होता, आणि ती आता त्याच्याशिवाय जाऊ शकते याचं काहीतरी दुसरंच होत होतं.

"रडून राहिला का गा?" शोभाताईनं मागून विचारलं.

"धूळ."

"हाव. मलेही लागली." तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "पोरीची खोली लावून ठेवली होती मी. नवी चादर टाकली होती. आता त्या घरात कोणासाठी दिवा लावू गा, कवडू?"

लहानपणी हिच्या पाठीवर बसून कवडू शेतात जायचा, आणि कालपर्यंत त्याला असं वाटत होतं की ताई फक्त त्याची पोरगी न्यायला आली आहे. त्यानं स्कूटर वळवली.

"ताई, मेथी राहिली हाय आज. प्रेमा येईपर्यंत उन्ह चढन. मी एकटा हावो."

शेतात उतरल्यावर शोभाताईनं पदर खोचला, त्याच्या हातातला विळा काढून घेतला आणि दवानं ओल्या वाफ्यात उकिडवी बसली. चार मुठी कापल्या आणि थांबली. वाकलं की कमरेला काहीतरी टोचत होतं. तिनं बेसाच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेतून काढला, कवडूच्या खिशात टाकला, "राहू दे आता तुह्याजवळच," म्हणाली आणि पुन्हा कापायला लागली.